जुना मोबाइल घराबाहेर काढताना

जुना मोबाइल देण्याआधी त्यातील फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्यावेत, सर्व खात्यांतून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे सर्व माहिती पुसून मोबाइल मूळ स्थितीत आणावा, आणि सिमकार्ड आठवणीने काढावे. खरी काळजी बॅटरीची घ्यावी लागते. मागचे झाकण उचलले गेले असेल, तर ती फुगली आहे असे समजून तिला दाबू नये, टोचू नये की चार्जिंगला लावू नये, कारण लिथियम बॅटरी आतून शॉर्ट झाली की पेट घेऊ शकते. सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून मोबाइल कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण उद्योगाकडेच द्यावा आणि पावती मागून घ्यावी.