आईबाबांना अमेरिकेला बोलावताय? व्हिजिटर व्हिसाच्या या चुका टाळा

पासपोर्टमधल्या व्हिसावर दहा वर्षांची मुदत छापलेली असते आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. त्या मुदतीत अमेरिकेच्या दारापर्यंत कितीही वेळा येता येतं, एवढाच तिचा अर्थ. मुक्काम किती दिवसांचा, हे उतरल्यावर इमिग्रेशन ऑफिसर ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ या आगमनाच्या नोंदपत्रात होते. बी-२ वर, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर, साधारणपणे सहा महिने मिळतात.

हे सहा महिने बोटांवर मोजू नका, आय-९४ वरची तारीख बघा. ५ मे रोजी उतरलेल्यांना बहुधा ४ नोव्हेंबरपर्यंतची मुदत असते. दिवाळी करून जाऊ म्हणून १० नोव्हेंबरचं स्वस्त तिकीट काढलं, की झाला ओव्हरस्टे! एका दिवसाच्या ओव्हरस्टेनेही दहा वर्षांचा तो व्हिसा बाद होतो. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहिलात, तर देश सोडल्यावर ३ वर्षं प्रवेशबंदी. मुदत संपल्यावर वर्षभर किंवा अधिक राहिलात, तर १० वर्षं.

त्यामुळे आल्याच्या दोन-तीन दिवसांत सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या) वेबसाइटवरून आय-९४ डाउनलोड करा. आईचं वेगळं, बाबांचं वेगळं. एकाचं बघून दुसऱ्याचंही तसंच असेल असं धरू नका. पासपोर्टच लवकर संपत असेल, तर मुक्कामाची मुदतही त्याच तारखेला तोडली जाऊ शकते. म्हणून नूतनीकरण निघण्यापूर्वीच उरकलेलं बरं.

मुदत वाढवायला चार दिवस कॅनडाला जाऊन यायचं, ही युक्ती बहुधा फसते. ३० दिवसांच्या आत परतलं की सहसा जुनंच आय-९४ चालू राहतं. खरंच जास्त राहायचं असेल, तर मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज भरा. थांबण्याचं कारण, खर्च कोण करणार आणि परतीचा बेत हे कागदांनिशी दाखवा. आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा.

पुन्हा कधी बोलवावं? वर्षाला इतकेच दिवस, असा आकडा कायद्यात नाही. पण सहा महिने राहून दोन महिन्यांत पुन्हा दारात उभं राहिलं, तर हे इथेच राहायला लागलेत असा ऑफिसरला संशय येणारच. जितके दिवस अमेरिकेत, निदान तितके भारतात, हा नियम नसला तरी शहाणपणाचा हिशोब आहे.

इमिग्रेशन ऑफिसरच्या त्याच खिडकीवर आई भाबडेपणाने सांगते, "सून कामावर जाते, नातवाला सांभाळायला आले." पाळणाघराचं काम करायला आल्यासारखं ते ऐकू येतं आणि प्रश्न वाढतात. म्हणून खोटं मात्र पढवू नका. खोटं पकडलं गेलं, तर कायमची बंदी येऊ शकते. त्यापेक्षा बेतच भेटीचा आणि आटोपशीर ठेवा. परतीच्या तिकिटाची प्रत, मुलाचा पत्ता आणि फोन नंबर आईच्या हातातल्या पर्समध्ये असू द्या; चेक-इन बॅग त्या खिडकीनंतर मिळते.