हॉटेलच्या रिफंडसाठी कार्डाचा फोटो पाठवण्याआधी

बुकिंग आयडी, व्हाउचर, रद्द केल्याची मेल हाताशी ठेवा, त्यावर शब्द खर्च करत नाही. पैसे कोणी घेतले ते मात्र आधी बघा. स्टेटमेंटवर ज्याचं नाव, रिफंड त्याच्याकडून. तिथे बुकिंग साइटचं नाव असेल तर हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या पोराशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही. काउंटरवर कार्ड स्वाइप केलं असेल तर चार्ज स्लिप शोधा आणि आजच तिचा फोटो काढा, तो थर्मल कागद पाकिटात राहून राहून कोरा होतो.

आता कार्ड. ज्या व्यवहारातून पैसे गेले, रिफंड त्याच व्यवहारावर उलटा टाकतात. त्यासाठी कार्डाचे शेवटचे ४ अंक, तारीख, रक्कम आणि स्लिपवरचा अप्रूव्हल कोड एवढं पुरतं. पूर्ण नंबर कशाला? एक्स्पायरी कशाला? सीव्हीव्ही तर नाहीच नाही. तरीही "मॅडम, कार्डच्या दोन्ही साइडची कॉपी पाठवा, अकाउंट्सला लागते" हे वाक्य ऐकू येतंच. दर वेळी त्यात लबाडी असते असं नाही, बऱ्याच ठिकाणी ती नुसती जुनी सवय असते. पण मागची बाजू पाठवायची नाही. मागच्या वेळी मी पुढचे अंक अगदी नीट झाकले आणि मागची बाजू तशीच मेल केली, म्हणून परत लिहितेय: मागची बाजू नाही. सीव्हीव्ही बहुधा तिथेच असतो. हल्लीच्या कित्येक कार्डांवर १६ अंकही मागेच छापलेले असतात, आणि जुन्या, उठावाच्या अंकांच्या कार्डावर तेच अंक मागून उलटे वाचता येतात. उजेडात धरून बघा एकदा.

फारच अडून बसले तर फक्त पुढची बाजू, तीही शेवटचे ४ अंक आणि नाव सोडून बाकी सगळं झाकून. झाकायचं कागदाची पट्टी चिकटवून, आणि मग फोटो. फोनमधल्या हायलायटरने काळं फासू नका. वरून गडद दिसतं, पण फोटोचा ब्राइटनेस वाढवला की खालचे अंक डोकं वर काढतात. एकदा गेलेला फोटो रिसेप्शनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कोणाकोणाच्या गॅलरीत पडून राहतो. मागच्या बाजूचा फोटो तर काढूच नका, म्हणजे चुकून जायचा प्रश्नच नाही.

"ओटीपी दिला नाही ना, मग काय होतंय" हे डोक्यातून काढा. परदेशातल्या बऱ्याच साइट ओटीपी विचारतच नाहीत. नंबर, एक्स्पायरी, सीव्हीव्ही, खेळ खलास. म्हणून मेल लिहायला बसण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल व्यवहार बंद करा. ही सोय बँकांनी द्यायलाच हवी, रिझर्व्ह बँकेचा २०२० चा नियम आहे. देशातल्या हॉटेलचा रिफंड त्याने अडत नाही.

फोन नंबर व्हाउचरवरचा घ्या. सर्चमध्ये वर दिसणारे कस्टमर केअरचे नंबर कोणी टाकलेत देव जाणे. स्क्रीन दाखवायचं ॲप टाका म्हणाले की फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. हे माहीत असतंच, पण समोरचा घाई करायला लागला की माणूस विसरतो.

खात्यात थेट देतो म्हणाले तर नाव, खाते क्रमांक, आयएफएससी. कॅन्सल्ड चेक मागितला तर त्यावर सही करायची नाही.

"रिफंड टाकलाय" म्हणाले की एआरएन, म्हणजे कार्डावरच्या रिफंडचा संदर्भ क्रमांक, मागा, २३ अंकी असतो. तो दिला की बँकेला माग काढता येतो. नाहीतर आठ-दहा दिवस थांबा ही टेप चालूच राहते.

आणि माहिती गेलीच असेल तर आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेत तक्रार, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार आपल्या हलगर्जीने माहिती गेली तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. तेव्हा रात्र असो, रविवार असो, लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.