नुसत्या एनसीवर घरी येऊ नका: आपल्या माणसाला मारहाण झाली तर पहिल्या रात्रीपासून काय काय करायचं

मागच्या पावसाळ्यात आमच्या समलिंगी-तृतीयपंथी लोकांतल्या एका पोराला डेटिंग ॲपवरनं गोड बोलून कराडजवळ बोलवलं. भेटायला एक जण येणार होता, निघाले चौघं. कपडे काढायला लावले, व्हिडिओ काढला, बेल्टनं हाणलं, फोनवरनं नऊ हजार ट्रान्सफर करून घेतले, वर "व्हिडिओ घरी पाठवू का" म्हणून दम. पोरगं रात्री दीडला सांगलीत माझ्या दारात. आणि मी शहाण्यानं पहिलं काम काय केलं तर त्याला गरम पाण्यानं आंघोळ करायला लावली, शर्ट बादलीत भिजत टाकला. म्हणजे पुरावा मीच धुतला. सकाळी पोलिस ठाण्यात गेलो, त्यांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली, आम्ही थँक्यू साहेब म्हणून बाहेर. त्या एनसीचं पुढं काय झालं? काहीच नाही. म्हणून हे लिहितोय, गे असो, लेस्बियन असो, तृतीयपंथी, कोती (बायकी वळणाचे पुरुष), जोगत्या, कोणी का असेना.

तर रात्रीच, आंघोळ नाही, कपडे धुवायचे नाहीत, ते कागदी पिशवीत ठेवा (प्लॅस्टिकमध्ये ओल धरते). सरळ सिव्हिलला जा आणि "मारहाण झालीय, एमएलसी करा" (म्हणजे पोलिस केस म्हणून डॉक्टरी नोंद) असं तोंडानं म्हणा, नाहीतर मलमपट्टी करून गोळ्या देऊन घरी पाठवतात. प्रत्येक जखम डॉक्टरला दाखवा, लाजून पाठीवरची लपवू नका. ॲपवर त्या माणसाला लगेच ब्लॉक करू नका, बऱ्याच ॲपवर ब्लॉक केलं की चॅटच गायब होतं, आधी प्रोफाइल आणि चॅटचे स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेले असतील तर यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवून १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, तो सकाळपर्यंत ठेवायचा नाही, जितक्या लवकर कराल तितका ते पैसे पुढच्या खात्यातच गोठवले जायचा चान्स जास्त.

आता ठाणं. एनसी म्हणजे अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिस तपासच करू शकत नाहीत, वहीत नोंद झाली की विषय मिटला. साधी मारहाण, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), ही अदखलपात्रच आहे, त्यामुळे "एनसीच होते ओ" म्हणणारा हवालदार दरवेळी खोटं बोलत नसतो. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा आला, त्यातलं कलम १८ (तृतीयपंथीयांना मारहाण, छळ केला तर शिक्षा) आपल्याला मोठा आधार वाटतं, पण कायदा केला तेव्हा त्यात शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं, आणि तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा म्हटलं की पुन्हा अदखलपात्र. बाईवर अत्याचार झाला तर शिक्षा किती आणि इथं किती, तुम्हीच बघा.

पण एक गोष्ट कामाची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) १७४(४) म्हणतं की प्रकरणातला एक जरी गुन्हा दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणून तक्रार "चार जणांनी मारलं" एवढ्यावर संपवायची नाही. वाट अडवली, ते न्याय संहितेचं १२६. धमकी देऊन पैसे काढले, खंडणी, ३०८. हाड मोडलं तर ११७. आमच्या पोराच्या केसमध्ये नऊ हजार गेले होते आणि आम्ही ते सांगितलंच नाही, त्याला लाज वाटली, "पैशाचं राहू दे" म्हणाला. तिथंच आमची एफआयआर गेली.

दुसरं, शिव्या जशाच्या तशा लिहा. आपल्याकडं द्वेषातून केलेल्या गुन्ह्याला असं वेगळं कलम नाही, त्यामुळे का मारलं हे कागदावर फक्त त्यांच्या तोंडच्या शब्दांतून येतं. पोलिस "अश्लील शिवीगाळ केली" असं लिहून मोकळे होतात. नाही, "बायल्या, तुमच्यासारख्यांना गावात ठेवत नाही" असं म्हणाले असतील तर तेच वाक्य, तेच शब्द. पाच किंवा जास्त जणांनी मिळून गंभीर दुखापत केली तर ११७(४) आहे, त्यात जात, लिंग, भाषा वगैरे कारणं दिलीत आणि शेवटी तशाच इतर कारणाचाही उल्लेख आहे, वकिलाला त्या शेवटच्या शब्दांवर भांडता येतं, पण हातात ते वाक्य पाहिजे ना.

"कराडचं आहे, साताऱ्यात जा" म्हणाले तर झिरो एफआयआर म्हणा, कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. नाहीच घेतली तर तीच तक्रार एसपींना स्पीड पोस्टानं (सांगलीत ऑफिस विश्रामबागला), आणि तरी हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडं नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(३) खाली अर्ज. प्रत्येक कागदाची पोच घ्या, सही शिक्क्यासकट, पोच नसलेला अर्ज दिला काय न दिला काय.

घरी माहीत नसलेल्यांसाठी हे महत्त्वाचं: एफआयआर पोलिसांच्या साइटवर चढते, नावासकट. संवेदनशील प्रकरणं चढवायची नाहीत असं सुप्रीम कोर्टानं २०१६ ला सांगितलंय, तर आपलं प्रकरण संवेदनशील धरा असा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी मावसभाऊ वाचून बसलेला असतो.

सोबत दोघंच जा, एक बोलायला, एक वेळ आणि नावं टिपून घ्यायला. वीस जण शिरले की साहेब बिथरतात आणि उलट सरकारी कामात अडथळा आपल्यावरच. एकटं वाटत असेल तर संग्राम ही संस्था १९९२ पासून सांगलीत आहे, वेश्या अन्याय मुक्ती परिषद आणि मुस्कान या संघटनांची माणसं आहेत, ठाण्याच्या पायऱ्या झिजवलेली माणसं ही, त्यांना आधी फोन करा, मला नंतर. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००.

१७ मे ला (समलिंगी-तृतीयपंथी द्वेषविरोधी दिन) चौकात मेणबत्त्या लावायच्या असतील तर खुशाल लावा, पण आधी जमावबंदी बघा, आपल्या जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश कधीही लागलेला असतो, पाच जण जमले तरी नोटीस. परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी.

आणि मेणबत्त्यांपेक्षा मला माहिती अधिकार जास्त आवडतो, खरं सांगू. २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष पाहिजे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, दीडशे शब्दांच्या आत एकाच विषयावर लिहा (महाराष्ट्राचा नियम आहे, जास्त लिहिलं की परत येतो): कक्ष स्थापन झाला का, आदेशाची प्रत द्या, आजवर बैठका किती, कलम १८ चे गुन्हे किती. सातारा आणि सांगली, दोन्हीकडं वेगवेगळे अर्ज. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला तिकीट २० रुपयांचं.