अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि डोस : या चुका टाळा

आमचं मेडिकल तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या समोर. "दादा, ती डोळ्यांची पिवळी गोळी द्या," असं म्हणत आठवड्यातून दोन-तीन जण तरी येतात. कुणाच्या पोराला चष्मा लागलाय, कुणाचे केस मुठी-मुठीनं गळतायत, कुणाची कातडी कोरडी पडलीय. चिठ्ठी कुणाकडेच नसते. शेजारणीला गुण आला म्हणून आपल्यालाही येईल, एवढाच हिशेब. "आधी डॉक्टरांना विचारा" म्हटलं की उत्तर ठरलेलं : "व्हिटॅमिनच तर आहे, त्यानं काय होतंय?"

होतं. बी-कॉम्प्लेक्स जरा जास्त झालं तर लघवी पिवळी होते आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. अ जीवनसत्त्व तेलात विरघळतं आणि यकृतात साठत जातं. जादा झालेलं शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे इथे गोळी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. आधीच पोटात किती जातंय, ते मोजलंय का, हा प्रश्न आहे.

पट्टीवरचा आकडा न वाचणं

कुठे 'आययू' म्हणजे युनिट लिहिलेलं असतं, कुठे मायक्रोग्रॅम. लोक दोन्ही एकच समजतात. १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल (म्हणजे तयार अ जीवनसत्त्व) बरोबर ३.३३ युनिट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे रोजची गरज पुरुषाला १,००० मायक्रोग्रॅम, बाईला ८४०. आता औषधाच्या दुकानात मिळणारी २५ हजार युनिटची कॅप्सूल घ्या. ती झाली ७,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे बाईची जवळजवळ नऊ दिवसांची गरज एका घोटात. प्रौढ माणसानं तयार रेटिनॉल रोज १० हजार युनिटच्या, म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर नेऊ नये, अशी सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. डॉक्टर कधी कधी त्याहून जास्त देतात, पण ते ठरावीक दिवसांसाठी आणि ठरावीक कारणासाठी. पट्टी संपली की दुसरी आणायची, असं त्याचं नसतं.

एकदा एका काकूंच्या पिशवीतून तीन डबे निघाले. एक मल्टिव्हिटॅमिन, एक माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, आणि एक परदेशातल्या लेकीनं पाठवलेली केसांसाठीची गोळी. मी बिलाच्या मागच्या बाजूला बेरीज मांडली : ५ हजार, ४ हजार आणि १० हजार. रोजचे १९ हजार युनिट, तेही सात-आठ महिने. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडलेल्या, डोकं सतत ठणकतंय, आणि केस पूर्वीपेक्षा जास्त गळतायत म्हणून काकू चौथी गोळी मागायला आल्या होत्या. अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी केस गळतात, कातडी कोरडी पडते, हाडं दुखतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी गोळी दिली नाही. तिन्ही डबे पिशवीत भरून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

तुम्हीही घरातले सगळे डबे एकदा टेबलावर मांडा आणि बेरीज करा. आठवड्यातून एकदा मटणाबरोबर कलेजी होत असेल तर तीही मोजा, तिच्यात अ जीवनसत्त्व प्रचंड असतं. प्लस एफचं चिन्ह असलेल्या दुधा-तेलात मात्र ते थोडंच घातलेलं असतं. त्याची धास्ती नको.

बाळाच्या डोसमधल्या चुका

सरकारी लसीकरणात बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो, १ मिली म्हणजे १ लाख युनिट. पुढचा १६ ते १८ महिन्यांत, २ मिली म्हणजे २ लाख. मग दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत. एकूण नऊ डोस. आकडा ऐकून आया घाबरतात, पण हिशेब साधा आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ३९० मायक्रोग्रॅम लागतात. २ लाख युनिट म्हणजे ६० हजार मायक्रोग्रॅम, साधारण पाच महिन्यांची शिदोरी. यकृत ती सांभाळून ठेवतं आणि लागेल तशी काढतं. सहा महिन्यांचं अंतर त्यासाठीच आहे.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे कार्ड घरी विसरणं. अंगणवाडीत डोस झालेला असतो, आजीला ते माहीत नसतं, आणि पंधरा दिवसांनी खाजगी दवाखान्यात "राहिलाय वाटतं" म्हणून पुन्हा दिला जातो. डोस झाला की तारीख कार्डावर लिहूनच घ्या. सिस्टर घाईत असल्या तरी थांबा, आशाताईंना लिहायला सांगा. मूल मामाच्या गावाला गेलं तर कार्डही सोबत पाठवा.

दुसरी चूक मापाची. त्या बाटलीबरोबर प्लॅस्टिकचा एक छोटा चमचा येतो. मधल्या खुणेपर्यंत १ मिली, काठोकाठ २ मिली. तो चमचा हरवला म्हणून घरातला चहाचा चमचा वापरायचा नाही, त्यात साधारण ५ मिली मावतं, म्हणजे ५ लाख युनिट. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये आसाममधल्या मोहिमेत २ मिलीच्या चमच्याऐवजी ५ मिलीचे कप वापरले गेले. कितीतरी मुलं आजारी पडली, मृत्यूच्याही बातम्या आल्या आणि देशभर वाद पेटला. तेव्हा डोस देताना चमच्याकडे बघा, आणि बाटलीवर ती उघडल्याची तारीख आहे का तेही बघा. उघडलेली बाटली आठ आठवड्यांत संपवायची असते, उन्हापासून लांब ठेवायची असते. हे विचारलं तर कुणी रागावत नाही. रागावलं तरी विचारा.

तिसरी चूक पाहिली की मला फार वाईट वाटतं. मूल रडतंय, तोंड उघडत नाही, मग कुणीतरी त्याचं नाक दाबतं आणि ओततं. हे तेल आहे. रडताना ते श्वासनलिकेत उतरलं तर फुफ्फुसाला सूज येते. बाळाला मांडीवर जरा उभं धरा, रडणं थांबू द्या, मग गालाच्या कडेनं हळूहळू सोडा. दहा मिनिटं गेली तरी चालेल.

डोसनंतर एखादं मूल दिवसभर किरकिर करतं, एखादी उलटी होते, क्वचित तान्ह्या बाळाची टाळू थोडी फुगल्यासारखी वाटते. बहुधा एक-दोन दिवसांत ते निवळतं. टाळू फुगलेली दिसली तर मात्र वाट न बघता दाखवून घ्या. आणि उलटी झाली म्हणून स्वतःच्या मनानं दुसरा चमचा देऊ नका, सिस्टरना विचारा.

गरोदरपण आणि पिंपल्सची गोळी

दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल, तर रेटिनॉलच्या गोळ्या आणि कॉड लिव्हर ऑइल (माशाच्या यकृताचं तेल) डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. पहिल्या तीन महिन्यांत रोज १० हजार युनिटच्या वर गेलं तर बाळात जन्मजात व्यंगाचा धोका वाढतो. सरकारी दवाखान्यातल्या लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांत अ जीवनसत्त्व नसतं, त्या बिनधास्त घ्या.

कॉलेजातल्या मुलींना मुद्दाम सांगतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते अ जीवनसत्त्वाच्याच घराण्यातलं औषध आहे. ओठ सुकतात म्हणून वरून अ जीवनसत्त्वाची गोळी घेणं म्हणजे आगीत तेल ओतणं. हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये. डॉक्सिसायक्लिन (मुरुमांवर देतात ते अँटिबायोटिक) चालू असेल तरीही अ जीवनसत्त्वाची मोठी गोळी नको, दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो. डोकेदुखी आणि अंधुक दिसणं, ही त्याची खूण.

"गोळी घेऊनही रात्री दिसत नाही"

खरा रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाच्या अभावानं झालेला असेल, तर योग्य डोस मिळाल्यावर काही दिवसांतच फरक कळतो. दिवेलागणीला ठेचकाळणारं मूल पुन्हा अंगणात धावायला लागतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे डाग दिसत असतील तर घरगुती उपाय नको, लगेच डोळ्यांचा दवाखाना. तिथला डोस नेहमीच्या वेळापत्रकाहून वेगळा असतो : आज, उद्या आणि दोन आठवड्यांनी.

महिना झाला तरी काहीच फरक नसेल, तर गोळी वाढवू नका. कारण दुसरंच असू शकतं. दूरचा नंबर, मोतीबिंदू, किंवा घराण्यात चालत आलेला पडद्याचा आजार. अशा वेळी पट्ट्यामागून पट्ट्या संपवण्यात महिने जातात आणि खऱ्या उपचाराची वेळ निघून जाते. चष्म्याचा नंबरही या गोळीनं उतरत नाही.

कधी कधी अभाव खरा असतो, पण गोळी अंगी लागत नाही. उपाशीपोटी, नुसत्या चहाबरोबर घेतली जाते. तिला तेला-तुपाचं जेवण लागतं. जुनाट जुलाब, काविळीत पित्ताचा अडथळा, वजन कमी करण्याची ऑर्लिस्टॅट गोळी किंवा पोटाची शस्त्रक्रिया, यांनीही शोषण कमी होतं. हे सगळं डॉक्टरांना सांगा.

गाजराचं काय?

शेवग्याचा पाला, माठ, अळू, लाल भोपळा, पपई, आंबा, गाजर यांतून बीटा-कॅरोटीन मिळतं. शरीर त्यातून गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं, त्यामुळे भाजीनं विषबाधा होत नाही. शिजवून, तेलाच्या फोडणीत केलेली भाजी कच्च्यापेक्षा जास्त उपयोगी. महिनाभर गाजराचा रस पिऊन तळहात पिवळे झाले तर डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढराच असेल तर कावीळ नसावी, रस कमी केला की रंग उतरतो. डोळेही पिवळे असतील तर तपासणी करा.

पण बीटा-कॅरोटीनची गोळी म्हणजे भाजी नव्हे. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, रोज २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्के जास्त निघालं. निकाल १९९४ मध्ये आला. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ही गोळी त्यांना आणून देऊ नका.

जास्त झालंच तर

पोरानं गोड म्हणून चघळायच्या गोळ्यांचा डबा रिकामा केला, किंवा डोस दोनदा गेला, तर बोट घालून उलटी काढू नका. मीठ-पाणी पाजू नका. किती गेलं असेल याचा अंदाज करा, बाटली किंवा पट्टी हातात घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. उलट्या, गुंगी, जोराची डोकेदुखी, दोन-दोन दिसणं किंवा बाळाची फुगलेली टाळू असेल तर सकाळपर्यंत थांबू नका. पट्टी फाटलेली असली तरी फेकू नका, तिच्यावरचा आकडा डॉक्टरांना सगळ्यात आधी लागतो.