गेमिंग गटातील शिवीगाळ कशी आवरावी

ऑनलाइन खेळातील शिवीगाळीचा विषय निघाला की दोन-चार कुप्रसिद्ध खेळाडूंची नावे पुढे येतात आणि त्यांना हाकलले की गट स्वच्छ होईल, असे सर्वांना वाटू लागते. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळणाऱ्या एका गटाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मीही असेच मानत होतो. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ बनवणाऱ्या रायट गेम्समध्ये जेफ्री लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंच्या वागण्याचा अभ्यास केला, तेव्हा सातत्याने वाईट वागणारे सुमारे 1 टक्का निघाले आणि एकूण त्रासातील त्यांचा वाटा अवघा 5 टक्क्यांच्या आसपास होता. बाकीचा बहुतेक त्रास एरवी नीट खेळणाऱ्या, पण त्या दिवशी तोल सुटलेल्या माणसांकडून होत होता. त्यामुळे गट चालवणाऱ्याने तयारी ठेवायची ती आपल्याच ओळखीच्या माणसांच्या वाईट दिवसाची.

हा वाईट दिवस बहुधा रात्री उशिरा आणि लागोपाठच्या पराभवांनंतर येतो. रँक खाली घसरत असते, नेट अडखळत असते आणि नॉक झालेल्याला, म्हणजे गोळी लागून पडलेल्याला, रिव्हाइव करायला (पुन्हा उभे करायला) कोणी पोहोचत नाही. अशा वेळी ज्याच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही, तोही सुटतो. आमच्या गटात सलग दोन सामने हरल्यावर दहा मिनिटे कोणीही लॉबीत (पुढच्या सामन्याआधी जमण्याच्या जागी) यायचे नाही, असा नियम आहे. तो सुरुवातीला जाचक वाटतो, परंतु पाणी पिऊन, चार पावले चालून परत आलेला माणूस बहुतेकदा आधीचा राग घेऊन येत नाही. हा नियम शांत दिवशी, सर्वांच्या संमतीने ठरवावा, कारण भांडण पेटल्यावर सांगितलेला नियम समोरच्याला शिक्षाच वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे अनोळखी लोकांशी बोलण्याचा मार्ग मुळात बंद ठेवावा आणि ज्याला हवा त्याने तो स्वतः उघडावा. रायटने प्रतिस्पर्धी संघाशी होणारे चॅट असेच बंद करून पाहिले होते. एक बटण दाबले की ते सुरू होत असे. त्यानंतर चॅटचे एकूण प्रमाण जवळपास तेवढेच राहिले आणि तरीही वाईट संभाषण 30 टक्क्यांहून अधिक घटले. रँडम, म्हणजे अनोळखी, खेळाडूंसोबत उतरताना आपणही माइक आणि स्पीकर फक्त आपल्या संघापुरते ठेवावेत आणि पहिल्या अपशब्दाला उत्तर न देता त्या खेळाडूला म्यूट करावे.

सर्वांत अधिक काळजी घ्यावी लागते ती चुकलेल्याला सांगताना. “तू नीट वागत नाहीस” या वाक्याने काहीही साधत नाही. एका रात्री शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे सामना संपत आला असताना, आमच्यातल्या एका मुलाने रिव्हाइव न करणाऱ्या सोबत्याला आईवरून शिवी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला त्याच सामन्याच्या रेकॉर्डिंगमधला वीस सेकंदांचा तुकडा पाठवला, खाली काहीच लिहिले नाही आणि दुपारी फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “दादा, हा आवाज माझा वाटत नाही.” त्याने त्या सोबत्याची माफी सर्वांसमोर मागितली, कारण शिवीही सर्वांसमोर दिली होती. रायटलाही हाच अनुभव आला होता: बंदी घालताना नेमकी कोणती वाक्ये चुकली हे दाखवले, तर सुधारणाऱ्यांचे प्रमाण वाढत असे. म्हणून कानउघाडणी एकांतात, पुराव्यासह आणि चोवीस तासांच्या आत व्हावी.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गट असेल तर त्यातले ऑटोमॉड (अपशब्द आपोआप अडवणारी सोय) जरूर वापरावे, मात्र त्याच्या तयार यादीच्या भरवशावर मराठी शिव्या अडतील असे समजू नये. त्या आपणच घालाव्या लागतात, देवनागरीत आणि रोमन लिपीतही, शिवाय अक्षरांच्या जागी आकडे टाकून लिहिलेल्या रूपांत. शब्दाचा एखादा तुकडाच अडवला तर निरुपद्रवी शब्दही अडकतात, हे तपासून घ्यावे. वाद पेटलाच तर थेट काढून टाकण्याऐवजी एका तासाचा टाइमआउट (बोलण्यावरची तात्पुरती बंदी) बहुतेक वेळा पुरतो.

मुलींच्या बाबतीत दिला जाणारा “माइक बंद ठेव” हा सल्ला मला मुळीच पटत नाही. कित्येक मुली आधीच मुलाचे नाव घेऊन, न बोलता खेळतात आणि त्यामुळे शत्रू कोणत्या बाजूने येतो आहे हेसुद्धा त्यांना सांगता येत नाही. आवाज ऐकून कोणी इन्स्टाचा आयडी मागू लागला किंवा घाणेरडे बोलू लागला, तर त्याला थांबवण्याचे काम संघातील दुसऱ्याचे आहे आणि ते लगेच व्हायला हवे. “गेमवर बोल, नाहीतर रिपोर्ट करतोय,” एवढे एक वाक्य पुरे. त्यानंतर खरोखर रिपोर्ट करावा.

धमकी, पाठलाग, फोटोंवरून ब्लॅकमेल किंवा अल्पवयीन मुलाशी अश्लील बोलणे, हे प्रकार गटात मिटवण्याचे नाहीत. अशा वेळी संदेश पुसू नयेत. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि खेळाडूच्या नावासोबत त्याचा आकडी आयडीही टिपावा, कारण नाव बदलता येते, आयडी तोच राहतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे, तसेच मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. तक्रार करताना ज्याला त्रास झाला त्याची संमती घ्यावी आणि तो लहान असेल तर त्याच्या आईवडिलांना सोबत घ्यावे. खेळ बंद होईल या भीतीने मुले घरी सांगत नाहीत, म्हणून आईवडिलांशी बोलताना मुलाची यात चूक नाही, हे आपण सर्वांत आधी सांगावे.