कोल्हापुरात पाणी भरपूर, म्हणूनच या चुका टाळा

कोल्हापूरकराला पाणी जपून वापरा म्हटलं की तो आधी आभाळाकडे बोट दाखवतो, मग पंचगंगेकडे. त्यात खोटं काही नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन आपल्या दारावरून वाहतात, राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी मागेच बांधायला घेतलं आणि २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणीही थेट पाइपलाइननं शहरात आलं. तरी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच शहराचे नळ कोरडे पडले, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाली. घराला पाण्याचा वेढा आणि प्यायला टँकर! पाणी किती आहे एवढंच पाहायची सवय आपल्याला लागली आहे. ते कुठल्या वाटेनं आलं आणि वाटेत त्याचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

कालचं पाणी ओतून देणं

नळ आला की पिंपातलं ‘शिळं’ पाणी मोरीत आणि ‘ताजं’ पिंपात. धरणात जे पाणी महिनोन्‌महिने साठून असतं ते तुमच्या पिंपात एका रात्रीत शिळं कसं होईल? ते बिघडतं उघड्या पिंपामुळे आणि तांब्याबरोबर बुडणाऱ्या बोटांमुळे. झाकण ठेवा, तोटीचा माठ किंवा लांब दांड्याचं ओगराळं वापरा आणि उरलेलं पाणी भांडी, फरशी, झाडांना द्या.

आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करणं मात्र गरजेचं आहे, तेही घासून. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी तग धरतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून पिंप पुन्हा भरलं तर कोरडा दिवस पाळल्याचं समाधान तेवढं मिळतं.

नळाला थेट मोटर लावणं

शेजाऱ्यानं लावली म्हणून आपणही लावली, असं गल्लीगल्लीत चालतं. पाणी ठरावीक वेळी सोडलं जातं, उरलेला वेळ लाइन रिकामी असते. त्या लाइनला मोटर लागली की आत खेच तयार होते आणि जिथं जोड ढिला आहे किंवा पाइपला चीर आहे तिथून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर तेच घरात येतं. शेजाऱ्याचं पाणी कमी होतं हा या मोटरचा लहान दोष झाला. सरळ मार्ग म्हणजे नळाचं पाणी आपल्या दाबानं जमिनीखालच्या टाकीत येऊ द्यायचं आणि तिथून मोटरनं वर चढवायचं. पाणी आल्यावर पहिली एक-दोन बादल्या धार वेगळी धरा. लाइनमध्ये बसलेला गाळ आणि गंज त्यातच येतो. कुंडीला तो चालतो, चहाला नको.

टीडीएस मीटरवर विश्वास ठेवून मशीन घेणं

विक्रेता घरी येतो, पेनासारखं मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी ढकलून क्षार काढणारं मशीन, गळ्यात मारतो. ते मीटर फक्त पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली ती सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून, आणि काविळीचे विषाणू कुठल्याही टीडीएसच्या आकड्यात येत नाहीत.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. सह्याद्रीतल्या धरणाचं पाणी मुळात मऊ. तुमच्या घरी फक्त महापालिकेचं पाणी येत असेल तर गाळणी आणि जंतू मारणारा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा असलेलं साधं मशीन पुरतं, किंवा गाळून उकळलेलं पाणी. माझं स्पष्ट मत आहे की अशा घरात आरओ म्हणजे पैसे देऊन पाणी गटारात सोडणं. एक लिटर प्यायच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर ते बाहेर टाकतं. उपनगरातल्या बोअरचं पाणी जड असेल तर गोष्ट वेगळी. तिथं आरओ लागू शकतो, पण आधी प्रयोगशाळेचा अहवाल हातात घ्या. मशीनमधून बाहेर पडणारं पाणी फरशी, संडास, पायरी धुवायला वापरा. रोज एकाच कुंडीत ओतू नका, त्यात क्षार साठलेले असतात.

पाणी काय सांगतंय ते न ऐकणं

ग्लासात पाणी दुधाळ दिसलं की लगेच प्लंबर बोलावतात. पाच मिनिटं ग्लास तसाच ठेवा. तळापासून वरच्या दिशेनं स्वच्छ होत गेलं तर ती हवा होती, काळजी नको. उलट तळाशी थर बसला तर गाळ. नळाच्या तोंडाला आणि गिझरला पांढरा थर जमतो तो जडपणाचा. बादलीला तांबूस डाग पडतात ते लोहाचे, नाहीतर जुन्या लोखंडी पाइपाचे. क्लोरीनचा वास आला की लोक नाक मुरडतात. खरं तर तो वास येणं बरं लक्षण आहे. भांडं पातळ सुती कापडानं झाकून काही तास ठेवलं की तो कमी होतो. गटाराचा वास आला तर उकळून वेळ मारून नेऊ नका. ते पाणी पिणं-स्वयंपाक दोन्ही थांबवा आणि गल्लीतल्या चार घरांनी मिळून पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार करा. गळती बहुधा एकाच घरापुरती नसते.

संडासाची फ्लश टाकी गुपचूप गळत असते, आवाजही येत नाही. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग खाली भांड्यात उतरला तर आतलं रबर बदलायचं, एवढंच काम असतं.

पूर आणि गढूळ पाणी : उलट्या क्रमानं शुद्धीकरण

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा पातळीवर आणि ४३ फुटांना धोका पातळीवर येतं, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. ३९ ची बातमी आली की भाजी आणि मेणबत्त्या आणायला आपण धावतो. त्याच वेळी टाकी, पिंप, माठ भरून झाकून ठेवायला हवेत, कारण नंतर नळ किती दिवस बंद राहील याचा भरवसा नाही. जमिनीखालच्या टाकीचं झाकण पुराच्या पट्ट्यात असेल तर तिच्यावर विसंबू नका. आत पुराचं पाणी शिरलं की सगळा साठा वाया.

सगळ्यात जुना गैरसमज तुरटीचा. तुरटी फिरवली, पाणी नितळ झालं, प्यायलो. तुरटी मातीचे बारीक कण एकत्र आणून खाली बसवते, पण जंतू मारत नाही. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे गढूळ पाण्यातच क्लोरीनचे थेंब टाकणं. क्लोरीन मातीवर आणि कचऱ्यावर खर्ची पडतं, जंतूंच्या वाट्याला उरत नाही. म्हणून आधी तुरटीचा खडा पाण्यात दोन-चार वेळा फिरवून पाणी हलवायचं, मग ते निवळू द्यायचं. वरचं नितळ पाणी हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात घ्यायचं आणि चौपदरी सुती कापडातून गाळायचं. त्यानंतर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट राहू द्यायचं, किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब) बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबायचं. गॅस संपत आला असेल तर प्यायचं पाणी उकळा आणि भांडी-भाजी धुवायला थेंबांचं वापरा.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजानं मूठभर टाकणं हाही एक प्रकार आहे. पिशवी उघडी राहिली की पावडरीतलं क्लोरीन उडून जातं, म्हणजे गेल्या वर्षीची पावडर टाकली तरी हाती काही लागत नाही. पुरानंतर विहिरीचं शुद्धीकरण गावच्या जलसुरक्षकाकडून मोजून करून घ्या आणि ओटी चाचणीत, म्हणजे शिल्लक क्लोरीन दाखवणारे थेंब टाकून, पाणी पिवळं येतंय का ते स्वतः बघा. शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं.

पावसाचं पाणी कुठेही जिरवणं

हिशेब मोह पाडणारा आहे. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ९३ लिटर पाणी. २० मिलिमीटरच्या एका सरीत गळती-बिळती वजा जाता दीड हजार लिटर हाती लागतं. म्हणून लोक उत्साहानं गच्चीची पाइप सरळ बोअरमध्ये सोडतात. गच्चीवरची कबुतरांची विष्ठा, धूळ, पालापाचोळा सगळं त्याच वाटेनं खाली जातं. पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायची तोटी आणि वाळू-खडीची गाळणी नसेल तर बोअरला हात लावू नका.

दुसरं म्हणजे आपली काळी माती. शोषखड्डा काळ्या मातीतच संपला तर जुलैत तो नुसता डबकं होतो. खाली मुरूम लागेपर्यंत खोदायला हवं, नाहीतर सरळ टाकीत साठवावं. पूररेषेतल्या घरांनी तर बोअर भरण्याच्या भानगडीत पडूच नये. पुराबरोबर मैलापाणीही त्याच भोकातून आत जाईल. उलट बोअरची केसिंग (बाहेरची पाइप) उंच घेऊन तोंड घट्ट बंद करा.

बागेला रोज थोडं थोडं पाणी

काळी माती पाणी सावकाश घेते आणि बराच काळ धरून ठेवते. रोजच्या शिंपणानं वरचा दोन बोटं थर ओला होतो आणि मुळं वरच राहतात. खुरप्यानं तीन इंच उकरा. खालच्या मातीची गोळी वळली तर आज पाणी नको. उन्हाळ्यात भेगा पडल्या असतील तर आधी खुरपणी करून त्या मोडा, नाहीतर पाणी भेगांतून सरळ खाली निघून जातं. आणि आच्छादन! उसाच्या पट्ट्यात राहून बागेची माती उघडी ठेवणं मला पटत नाही. एखाद्या शेतकऱ्याला विचारलं तर पाचट पोतंभर सहज मिळतं. दोन-तीन इंचांचा थर द्या, खोडापासून चार बोटं लांब.

वॉशिंग मशीनचं पाणी झाडांना देताना आवर घाला. साबणातलं सोडियम काळ्या मातीत साठलं की ती घट्ट होते, पाणी आत जात नाही. जास्त पाण्यानं आणि क्षारांनी जमिनीचं काय होतं ते शिरोळ तालुक्यातली क्षारपड शेतं दाखवतात. साबणाचं पाणी नारळ, जास्वंद अशा झाडांच्या बुंध्याशी द्या, मध्ये मध्ये साधं पाणी सोडा. मेथी-कोथिंबिरीला अजिबात नको.

रंकाळा आणि पंचगंगा

रंकाळा तलावात जलपर्णी पसरली की ती काढायची मागणी होते. ती वाढते सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर, त्यामुळे नाला थांबवल्याशिवाय नुसती काढली तर पुन्हा येणारच. आपल्या हातात आहे ते एवढं : मैलापाण्याची पाइप पावसाच्या गटाराला जोडू नका, गाडी आणि चादरी घाटावर धुवू नका, निर्माल्यातला दोरा आणि प्लास्टिक काढून बाकीचं घरच्या कुंडीत कुजवा. मूर्तीसाठी इराणी खण किंवा विसर्जन कुंड आहे.

नदीत मासे तरंगताना दिसले की काही जण बुट्ट्या घेऊन पळतात. ते मासे ऑक्सिजन संपल्यानं मेले की विषारी पाण्यानं, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. खाऊ नका, जनावरांनाही ते पाणी पाजू नका. फोटो काढून वेळ आणि जागा लिहा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा, त्याच दिवशी. पाणी पुढे वाहून गेलं की पुरावाही गेला.

नमुना चुकीचा देणं

पाणी तपासायला नेताना कोल्ड्रिंकची बाटली विसळून भरतात आणि अहवाल चुकला म्हणून प्रयोगशाळेला नावं ठेवतात. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच आणा. नळाची जाळी काढा, तोंड पुसा, दोन मिनिटं पाणी वाहू द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. क्षार आणि जडपणासाठी वेगळी स्वच्छ बाटली लागते. विहिरीचा किंवा बोअरचा नमुना दोनदा द्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर.