मोसंबीचा ताण चालू असताना रास्पबेरी पायच्या पिना अशा लावा

अंबड, घनसावंगी, पैठण भागात आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराचं फूल) धरणाऱ्या मोसंबीच्या बागा सध्या ताणावर आहेत, म्हणजे फूल एकदम निघावं म्हणून त्यांचं पाणी तोडलेलं आहे. मध्यम जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या रानात दीड-दोन महिने पाणी बंद. अशात एखाद्या रात्री चुकून ठिबक चाललं तर ताण तुटतो, झाडं नवती (कोवळी पालवी) काढतात आणि फूल एकदम निघायचं ते मागेपुढे निघतं. ज्यांनी ठिबकचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारे कॉक) रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर घेतलेत, त्यांनी आंबवणीची (ताण तोडायच्या पहिल्या पाण्याची) वाट न बघता याच आठवड्यात पेटी उघडून पिना तपासून घ्याव्यात.

खरी भानगड लाइटची आहे. शेतातली लाइट रात्रीतून दोन-तीनदा जाते-येते. दर वेळी बोर्ड नव्याने सुरू होतो आणि तुमचा प्रोग्राम चालू होईपर्यंत पिनांवर त्याचा ताबा नसतो. तेवढ्या वेळात रिलेने (पिनेच्या इशाऱ्यावर व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचने) काय करायचं, हे आपण आधीच ठरवलेलं असलं पाहिजे.

बोर्ड सुरू होताना सगळ्या जीपीआयओ पिना (प्रोग्रामच्या ताब्यातल्या, इशारा देणाऱ्या-घेणाऱ्या पिना) इनपुट असतात. त्यातल्या ० ते ८ या पिनांना आतून पुल-अप असतो, म्हणजे त्या हलक्याशा वर (हाय, ३.३ व्होल्टकडे) ओढलेल्या. ९ ते २७ या पिनांना पुल-डाउन, म्हणजे खाली (लो, ० व्होल्टकडे) ओढलेल्या. म्हणून व्हॉल्व्हच्या रिलेसाठी १७, २२, २७ अशा पिना घ्या. २ आणि ३ वर तर बोर्डावरच १.८ किलोओहमचा पक्का पुल-अप आहे, तिथे रिले नकोच.

आता रिले मॉड्यूल बघा. बाजारात मिळणारी बरीचशी निळ्या रिलेची मॉड्यूल उलटी चालतात: पिन लो झाली की रिले ओढतो, म्हणजे चालू होतो. यात गोम अशी की प्रोग्रामने पिन आउटपुट केली आणि सुरुवातीची किंमत दिली नाही, तर पिन बहुतेक वेळा लोवरच उभी राहते. रिले टक करून ओढतो, व्हॉल्व्ह उघडतो, आणि प्रोग्राम पुढे कुठे अडकला तर उघडाच राहतो. शिवाय ही मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतात, पायची पिन हाय झाली तरी ३.३ व्होल्टच देते. काही मॉड्यूलमध्ये तेवढ्याने रिले नीट सुटत नाही, म्हणजे बंद होत नाही. माझं मत विचाराल तर ज्यावर हाय-लो निवडायचा जंपर (छोटी टोपी) आहे तेच मॉड्यूल घ्या आणि जंपर हायवर ठेवा. पुल-डाउनची पिन आणि हायवर ओढणारा रिले ही जोडी असली की लाइट आल्यावर रिले सुटलेलाच राहतो. घेताना मॉड्यूल ३.३ व्होल्टच्या इशाऱ्यावर ओढतं का, तेवढं दुकानदाराकडून वाजवून घ्या.

प्रोग्राममध्ये जीपीआयओझीरो लायब्ररी वापरत असाल तर आउटपुट पिन तयार करतानाच ‘इनिशियल व्हॅल्यू फॉल्स’ असं लिहा. जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी पाय ५ वर चालत नाही, त्यामुळे नवा बोर्ड घेतलेल्यांनी जुना प्रोग्राम तसाच उतरवून घेऊ नये. बूटच्या कॉन्फिग फाइलमध्येही ‘१७ नंबर आउटपुट, लो’ अशी ओळ टाकता येते. पण बोर्डाला करंट मिळाल्यापासून ती लागू व्हायला काही सेकंद जातात. तेवढ्या वेळाची राखण पुल-डाउनच करतो.

व्हॉल्व्हची वायर रिलेच्या कॉमन आणि नॉर्मली ओपन (रिले बंद असताना तुटलेलं) या दोन टोकांवरच घ्या. नॉर्मली क्लोज्डवर घेतली तर पाय बंद पडला की व्हॉल्व्ह उघडणार.

नंबरात सगळ्यांचाच घोळ होतो. हेडरवर ४० पिना आहेत, पण जीपीआयओ १७ ही मोजायला गेलं तर अकरावी पिन. टर्मिनलवर ‘पिनआउट’ (pinout) लिहून एंटर मारा, बोर्डाचं चित्रच समोर येतं. पिन आत्ता इनपुट आहे की आउटपुट, हाय की लो, हे ‘पिनकंट्रोल’ (pinctrl) ही कमांड सांगते. मोजणीतली २ आणि ४ नंबरची पिन ५ व्होल्टची आहे. ५ व्होल्ट चुकून जीपीआयओला लागले तर ती पिन जाते, कधी कधी पूर्ण बोर्ड जातो. आणि पेटीची वायर शिरते ती भोकं बुजवा. स्टार्टरच्या पेटीत पाल शिरते तशी याही पेटीत शिरते.

इनपुटचं थोडक्यात. हौदातल्या फ्लोट स्विचची एक वायर पिनेला, दुसरी ग्राउंडला, आणि प्रोग्राममध्ये पुल-अप चालू. मोकळी सोडलेली पिन मनाला येईल ते वाचते. विहिरीपासून शेडपर्यंत लांब वायर मोटारीच्या केबलशेजारून येत असेल तर आतला पुल-अप पुरत नाही, बाहेरून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा, जमलं तर ऑप्टोकपलर (इशारा उजेडातून पोचवून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारी चिप) घाला. ५ व्होल्टवर चालणाऱ्या फ्लो मीटरचा (पाणी मोजणाऱ्या मीटरचा) पल्स थेट पिनेत घालू नका. १० आणि २० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून तो ३.३ वर उतरवून घ्या: १० चा मीटरकडून पिनेकडे, २० चा पिनेकडून ग्राउंडकडे.

ओलाव्याचा सेन्सर अॅनालॉग (कमी-जास्त होणारं व्होल्टेज देणारा) असेल तर पाय तो वाचूच शकत नाही, मध्ये ते व्होल्टेज आकड्यात बदलणारी एडीएस १११५ सारखी एडीसी चिप लागते. पण ताणाच्या दिवसांत त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. काळं रान वाळलं की भेगाळतं, सेन्सरच्या पात्याभोवती पोकळी होते आणि खाली ओल असली तरी आकडा कोरडाच दाखवतो. तो आकडा बघून प्रोग्रामने पाणी सोडलं की महिन्याचं काम गेलं. ताण पुरेसा बसला की नाही हे पानांचा रंग आणि पानगळ सांगते. शंका असेल तर बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात विचारा. तोवर ओलाव्यावर पाणी सोडण्याचा भाग प्रोग्राममधून बंदच ठेवा.

मोटार रिलेवरून थेट चालवू नका. रिलेने फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची (मोटारीची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवायची, आणि ते काम वायरमनकडून करून घ्यायचं. स्टार्टरला ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा) बसवलेला असेल तर ताण संपेपर्यंत तो काढून ठेवा. लाइट आली, ऑटोने मोटार उचलली आणि तेवढ्यात रिलेने व्हॉल्व्ह उघडला, तर सकाळी उठेपर्यंत झाडांची आळी ओली झालेली असतील.

तपासणी अशी करा. मोटार बंद, व्हॉल्व्हच्या वायरी सोडवलेल्या. पेटीचं मेन स्विच पाडा, थोडं थांबून चढवा, आणि कान रिलेकडे ठेवा. टक असा आवाज एकदाही येता कामा नये. हे पाच-सहा वेळा करा, मधेच प्रोग्राम बंद करूनही करा. आवाज आला तर आधी जंपर, मग पिन, मग प्रोग्राम या क्रमाने बघा. पास झालं तरी सबमेनचा कॉक आंबवणीच्या दिवसापर्यंत हाताने बंदच ठेवा.

आंबवणीचं हलकं पाणी आणि तीन-चार दिवसांनी चिंबवणी (दुसरं पाणी), ही दोन्ही पाणी समोर उभं राहून द्या. वेळापत्रक त्यानंतर प्रोग्रामच्या हवाली करा. आणि कोणती पिन कोणत्या व्हॉल्व्हची, ते पेटीच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तर सालगड्याला फोनवरून सांगता येईल.